बोट कुणाला लागली?

१

जेवणवेळेला घरी धाडलेली पोर दुपार कलते न कलते तोच परत आली. आईच्या खांद्यावर, पिळलेल्या फडक्यासारखी. ओठ सुकलेले, लोकरी टोपीला ओकारी लागलेली, पोटात टिपूस उरला नसतानाही उबळ थांबत नव्हती.

"टिरिल आहे ना ही? सकाळच्या हर्नियाची?" डॉ. सुन्निवा हेगडाल पुढे धावली.

"तीच," आई म्हणाली. रान्वेग तिचं नाव. बाहेरच्या बेटांवरची बाई, मासे पाळणाऱ्या घरातली. बोलणं कमी.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या त्या इस्पितळात सुन्निवा मुलांच्या शस्त्रक्रिया विभागाची प्रमुख आणि भूलतज्ज्ञ. सकाळी लहान मुलांची छोटी शस्त्रक्रिया करायची, जेवणवेळेच्या आसपास घरी धाडायचं, असं त्यांचं काम. मुलांना मॉर्फिन शक्यतो द्यायचंच नाही, हा तिचा हट्ट. अफूच्या जातीचं औषध ते, दुखणं मारतं खरं, पण पोरांचं पोट ढवळून काढतं. म्हणून ती शस्त्रक्रियेआधी तेवढा भाग बधिर करून ठेवायची. टिरिलला तर तिनं स्वतःच्या हातानं बधिर केलं होतं. दुखायचं कारणच नव्हतं.

तिनं पोरीच्या पापण्या वर करून टॉर्च मारला. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या. मॉर्फिनची ही खूण कुठलाही डॉक्टर ओळखतो.

सलाईन लागलं तशी टिरिलनं डोळे किलकिले केले आणि आईची बाही ओढली. "आई, बाबांना सांगू नको हं."

"काय सांगू नको, राणी?"

"मला बोट लागली ते." सहा वर्षांची पोर, पण चेहरा असा केला होता की जणू घराण्याचं नाक कापलंय. "ते मला मग बोटीवर नेणार नाहीत."

रान्वेगनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि डॉक्टरीणबाईंकडे मान वळवली.

"बोट नाही लागली हिला. पाळण्याआधी ही बोटीत झोपायला शिकली. आणि ओकायला लागली ती धक्क्यावरच, गाड्यांच्या रांगेत; बोटीवर चढल्यावरही थांबेना, म्हणून त्याच बोटीनं परत आणली. आज पाणी तव्यासारखं सपाट आहे, बघा खिडकीतून." ती क्षणभर थांबली. "डॉक्टर, माझी पोर शुद्धीवर आली ती हसत आली. त्या डॅनिश नर्सनं हातमोजा फुगवून कोंबडा केला होता, तो बघून खिदळत होती नुसती. मी बूट आणायला गाडीपाशी गेले. परत येते तर पोरीला झोपेतच दुसऱ्या खोलीत हलवलेलं, आणि तिथली वयस्कर नर्स तिच्या हातातल्या सुईतून औषध सोडत होती. म्हणाली, मॉर्फिन आहे, दुखण्यावरचं. मला विचारायची लाज वाटली. म्हटलं, त्यांना जास्त कळतं. आता विचारते. हसणाऱ्या पोरीला तुम्ही मॉर्फिन का दिलंत?"

सुन्निवा औषधांची नोंदवही बघायला निघाली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी सर्जन आइविन्दनं आपला निकाल जाहीर केला.

"समुद्राला दोष दे, सुन्निवा. बिचारा तक्रार करत नाही."

"धक्क्यावरच ओकायला लागली ती, आइविन्द. समुद्रात नाही."

"मग त्या नारिंगी बर्फाच्या कांडीला दे. मी कधीचं सांगतोय, तो रंग देवाच्या राज्यात सापडत नाही."

कांडी सगळ्याच मुलांना मिळायची. शुद्धीवर आलं मूल, की आधी कांडी. गावातली पोरं ती चोखून टुणटुणीत घरी जात. सुन्निवाला रात्रभर छळत होतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी घरोघरी फोन करायची त्यांच्याकडे रीत होती, आणि गेले काही महिने बेटांवरच्या आया एकच वाक्य सांगत होत्या: बोट लागली हो त्याला. किंवा तिला. थोडं ओकली, आता बरं आहे. तेही ओशाळून सांगत, जणू त्यांच्याच पोरांचं काही चुकलंय. आणि फोनच्या या बाजूला सगळे हसून म्हणत, होतं असं.

गावातली पोरं ओकत नाहीत. बेटांवरची ओकतात. म्हणून सगळ्यांनी बोटीला फासावर चढवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सुन्निवाला स्वतःची लाज वाटली. एकदा तरी कुणी विचारायला हवं होतं, की बेटांवरच्या पोरांना बोट लागायला लागली कधीपासून?

तेवढ्यात संचालकांचा फोन आला. तोरलायव्ह हा गोड बोलणारा माणूस, पण आज त्याचा आवाज कोरडा होता.

"मी ऐकलं ते खरं? दुखत नसलेल्या मुलीच्या नावावर मॉर्फिन काढलं गेलं?"

"हो."

"काढलं कुणी?"

"गुन्वोरनं."

गुन्वोर म्हणजे दुसऱ्या खोलीतली वयस्कर नर्स, या विभागाचा खांब. आइविन्दची लहानपणी टॉन्सिल्स काढली तेव्हासुद्धा तीच उशाशी होती, असं सगळे चेष्टेनं म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

"हे बघ, सुन्निवा," तोरलायव्ह म्हणाला, "कपाटातून मॉर्फिन निघतं, पेशंटला गरज नसते, मग ते जातं कुठे, हे तुला मी सांगायला नको. चांगल्या चांगल्या नर्स नशेच्या या वाटेनं गेल्यात. आज संध्याकाळपर्यंत मला पटेल असं कारण दे. नाहीतर मी पोलिसांना कळवतो आणि तिचा परवाना जातो. या गावात मग ती तोंड दाखवू शकणार नाही."

३

गुन्वोर औषधांच्या खोलीत बसली होती, हात मांडीवर. साठीला टेकलेली, ताठ कण्याची बाई. केस घट्ट मागे बांधलेले.

"चोर म्हणायला आलीस?" तिनं तोंड वर न करताच विचारलं. "म्हण. सगळा विभाग कुजबुजतोय. एकट्या तुझंच तोंड शिवलंय."

"तू चोरलं नाहीस," सुन्निवा म्हणाली.

"अगंबाई! एवढा विश्वास?"

"विश्वासाची गोष्ट नाही. तू ते औषध खिशात घातलं असतंस, तर सुईतून पाणी गेलं असतं. पाण्यानं कुणी ओकत नाही आणि डोळ्यांच्या बाहुल्याही मोहरीएवढ्या होत नाहीत. ते मॉर्फिन टिरिलच्या अंगात गेलंय. म्हणजे तू चोर नाहीस. पण मग दिलंस का, ते सांग."

गुन्वोरचे खांदे किंचित खाली आले. जीव भांड्यात पडला असावा, पण ती कबूल करणारी नव्हती.

"का म्हणजे? पोर रडत होती म्हणून."

"तू तिला रडताना पाहिलंस?"

"माझ्याकडे आली तेव्हा झोपली होती. पहिल्या खोलीत जाग येते, मग पुन्हा डुलकी लागते, तुला माहीत आहे. गावातलं मूल असतं तर मी थांबले असते, उठू दिलं असतं, माझ्या डोळ्यांनी बघितलं असतं. बेटावरच्यांना दुपारची बोट असते. हातातली सुई काढायची, कपडे चढवायचे आणि पळायचं. सुई निघाली की संपलं. वाटेत दुखायला लागलं तर मधल्या मध्ये पोरानं काय समुद्राला हाका मारायच्या?" तिचा आवाज चढला. "म्हणून मी सुई काढायच्या आत देते. पहिल्या खोलीतल्या त्या डॅनिश दोर्तेनं सांगितलं, रडतेय, तर देते. आपण कशाला आहोत मग?"

"दोर्तेनं सांगितलं? नक्की?"

"मी उलट विचारलंसुद्धा. रडतेय का गं? तर म्हणे, हो हो, सारखी! जाग आली की रडते!" गुन्वोरनं नाक मुरडलं. "आणि वर हसत होती, सुन्निवा. दात काढून. पोर कळवळतंय हे सांगताना हसू फुटतं या बाईला. दर वेळी असंच. काळीज आहे का दगड? त्यांच्या देशात पोरांना रडू देत असतील. मी नाही देणार."

सुन्निवा दारापाशी थांबली. तिच्या डोक्यात काही जुळेना. आई म्हणते पोर खिदळत होती. जिनं खिदळवलं, तीच म्हणते की रडत होती. दोघींतली एक खोटं बोलत होती.

४

दोर्ते कोपनहेगनकडची. नवरा इथं पुलाच्या कामावर आला, त्याच्यामागे ही आली, वसंतापासून पहिल्या खोलीत काम करत होती. गोलमटोल, सदा हातात काहीतरी फुगवत असलेली. तिच्याबद्दल तक्रार एकच: बोलते काय ते कळत नाही. डॅनिश आणि नॉर्वेजियन या सख्ख्या बहिणी, लिहिल्या तर एकीचं पत्र दुसरीनं वाचावं. पण डेन माणूस बोलायला लागला की निम्मे शब्द घशातच राहतात. नॉर्वेत म्हणतात, यांच्या तोंडात गरम बटाटा असतो.

तरी कुणी "काय म्हणालीस?" असं विचारत नसे. एकदा विचारलं तर ठीक, दुसऱ्यांदा विचारलं तर कानकोंडं व्हायला होतं, आणि तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे शेजारच्याच भाषेत आपण ढ आहोत हे चारचौघांत कबूल करणं. तेव्हा सगळे मान डोलवत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"दोर्ते, काल टिरिल तुझ्याकडे होती."

"कोंबड्यावाली!" दोर्तेचा चेहरा उजळला, आणि ती भरभर बोलत सुटली. सुन्निवानं कान टवकारले. निम्मं कळलं, उरलेलं तिनं नेहमीसारखं जुळवून घेतलं. तिच्या कानांना जुळलं ते असं:

"काय गोड पोर! डोळे उघडले आणि लागली रडायला. मी कोंबडा नाचवला तशी आणखीच रडली. डुलकी लागायची, उठायची, की पुन्हा रडणं सुरू. तिची आईसुद्धा रडली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मला वाटतं मी याच कामासाठी जन्मले."

ही बाई समोर बसून, गालाला खळ्या पाडून सांगत होती की पोर रडली आणि आपल्याला बरं वाटलं.

"आणि हे तू गुन्वोरला सांगितलंस?"

"हो तर! दर मुलाचं सांगते. तिलाही आवडत असणार. तिनं परत विचारलंसुद्धा, खरंच का गं? मी म्हटलं, हो हो, सारखी!" मग तिचा आवाज जरा खाली आला. "गुन्वोर मात्र माझ्याकडे कधी हसून बघत नाही. मी काही चुकते का, सुन्निवा?"

सुन्निवानं मान डोलावली. कशाला डोलावली ते तिलाही सांगता आलं नसतं. बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. दोन नर्स एकच गोष्ट सांगत होत्या, पोर रडत होती. मग खोटं बोलत होती ती रान्वेग, पोरीची आई.

५

आईला खोटं पाडायला जाणं यासारखं ओंगळ काम नाही. सुन्निवा खोलीत शिरली तेव्हा रान्वेग खुर्चीत पेंगत होती. टिरिल मात्र उठून बसली होती, उलट्या थांबलेल्या, हातात ब्राउन चीज लावलेला पाव. सुन्निवानं आईला उठवलं नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"टिरिल, काल जाग आली तेव्हा तू रडलीस?"

"नाही." पोरीला प्रश्न अपमानाचा वाटला. "कोंबड्यानं अंडं घातलं."

"कोंबडा अंडं घालत नाही."

"तेच ना!" टिरिल पाव बाजूला ठेवून हसायला लागली, इतकी की टाक्यांवर हात धरला. "मी त्या बाईला तेच सांगितलं! तर तिनं दुसरं घातलं! आईपण हसली. आईचा आवाज घोड्यासारखा आला."

सहा वर्षांची पोर अंडं घालणारा कोंबडा मनानं रचू शकते, पण आईचं घोड्यासारखं हसणं रचत नाही. रान्वेग खरं सांगत होती. मग दोन नर्सनी मिळून खोटं का बोलावं? त्याही एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या?

"डॉक्टर," टिरिल हळूच म्हणाली, "बाबांना फोन केला का कुणी?"

"नाही."

"नका करू."

सुन्निवा तिथून उठली आणि जेवणाच्या खोलीत गेली. सगळे आपापल्या डब्यातल्या पावाच्या चकत्या कागदातून सोडवत बसले होते. टेबलाच्या एका टोकाला गुन्वोर, दुसऱ्या टोकाला दोर्ते, मधे आइविन्द. हवा इतकी जड की तो बापडा विनोद करायला धडपडत होता.

"दोर्ते, आज बटाटा गिळून आलीस की अजून तोंडातच आहे?"

दोर्तेनं टाळी वाजवली. "अरे, तो तुझा बटाटा! तू पहिल्यांदा म्हणालास ना, त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि आम्ही दोघं रडलो. पोट धरधरून रडलो!"

आइविन्दचा चेहरा खर्रकन उतरला. टेबलाभोवती सगळ्यांनी दुःखानं माना डोलावल्या. "दोर्ते," तो चाचरत म्हणाला, "मला खरंच... मी गंमत करत होतो. माफ कर मला."

"माफ? कशाबद्दल?" दोर्ते गोंधळून सगळ्यांकडे पाहत राहिली.

सुन्निवाच्या हातातली चकती तोंडापाशीच थांबली. पोट धरून? नवऱ्यासकट? पोट धरून कोण रडतं?

"दोर्ते," ती उभी राहिली, "आत्ता तू जो शब्द वापरलास, तो पुन्हा म्हण. हळू. मला कळला नाही."

हे वाक्य त्या टेबलावर कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

"ग्रीने," दोर्ते म्हणाली. "आम्ही ग्रीने केलं."

"आणि ग्रीने म्हणजे काय? तुमच्याकडे? करून दाखव."

दोर्तेला वाटलं आपली थट्टा चाललीय. तरी तिनं बिचारीनं दोन्ही हात पोटावर धरले, मान मागे टाकली, आणि खोटं खोटं, पण मोठ्यानं, हसून दाखवलं.

गुन्वोरच्या हातातला कप बशीवर आपटला.

६

वाचकहो, मी तुम्हांला दोर्तेचं बोलणं आतापर्यंत सुन्निवाच्या कानांनी ऐकवलं. काय करणार, तिथं सगळ्यांना तेवढंच ऐकू येत होतं. ग्रीने हा एकच शब्द दोन्ही बहिणींच्या घरात आहे. नॉर्वेत, त्यातून गुन्वोरच्या किनाऱ्यावरच्या बोलीत, ग्रीने म्हणजे रडणं. डेन्मार्कात ग्रीने म्हणजे हसणं. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे शाळेत सगळ्यांना हे शिकवतात. परीक्षेत लिहून सगळे पास झालेले असतात.

सुन्निवानं दार लावून घेतलं आणि एकेक सुटं सुटं मांडलं.

"टिरिल हसत उठली. दोर्तेनं आनंदानं गुन्वोरला सांगितलं, ग्रीनतेय. गुन्वोरला वाटलं, रडतेय. तिनं खात्री करायला आपल्या बोलीत विचारलं, ग्रीनतेय का गं? दोर्तेनं ऐकलं, हसतेय का? म्हणाली, हो हो, सारखी! दोघी खरं बोलत होत्या. गावातली मुलं पुन्हा जागी व्हायची, गुन्वोर त्यांना स्वतः बघायची, म्हणून वाचली. बेटावरच्या मुलांना बोटीची घाई, म्हणून तिथं नुसत्या शब्दावर औषध गेलं. जितकं मूल खुशीत, तितकी दोर्ते भरभरून सांगणार, आणि तितकं मॉर्फिन नक्की. न दुखणाऱ्या अंगात ते गेलं की दुसरं काय होणार? धक्क्यापर्यंत पोरं ओकायला लागायची. आणि आपण म्हणायचो, बोट लागली."

आइविन्द, जो कधी गप्प बसत नसे, तो डब्याच्या कागदाची घडी घालत होता.

"तू पोरांना हसवायचीस," गुन्वोर दोर्तेकडे न बघता म्हणाली. "मी तुला दगड म्हणत होते."

"मी एकदा पाहिलं होतं," दोर्ते अगदी हळू म्हणाली, आणि हळू बोलल्यामुळे सगळ्यांना कळलं. "एका मुलाला तू औषध देत होतीस. मला वाटलं, याला कशाला? पण म्हटलं, इथली पद्धत असेल. मी परकी. विचारलं असतं तर म्हणाला असतात, आली मोठी शिकवायला. मला लाज वाटली."

"मलाही कळत नव्हतं तू बोलतेस ते," गुन्वोर म्हणाली. "निम्मंसुद्धा नाही. एवढी वर्षं काढली इथं, नव्या नव्या पोरी माझ्याकडून शिकल्या, आणि मी कुणाला विचारू, बाई गं, तू काय म्हणालीस?" तिनं डोळे मिटले. "मला चोर म्हणाली असतीस ना सुन्निवा, तर मी भांडले असते. कोर्टात गेले असते. आता काय करू? आता तोंड लपवायला जागा नाही."

"जागा मलाही नाही," सुन्निवा म्हणाली. "आज सकाळी ही माझ्यासमोर बसून तेच सांगत होती आणि मी मान डोलावून बाहेर आले. एका आईला खोटारडी ठरवायला निघाले होते मी."

तिनं तोरलायव्हला फोन लावला. चोरी झालेली नाही म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं. "पोलीस नकोत तर," तो म्हणाला. "पण हे मी वर कळवू कसं? लोक हसतील."

"हसू देत," सुन्निवा म्हणाली. "आणि इतर घरांनाही कळवायचंय. सगळ्या बेटांवर. मी सांगेन."

"पहिलं मी सांगणार," मागून गुन्वोर म्हणाली. तिनं ॲप्रनच्या सुरकुत्या हातानं सपाट केल्या आणि कुणाची वाट न पाहता टिरिलच्या खोलीकडे निघाली. सुन्निवा मागोमाग गेली, आणि दारातच थांबली.

रान्वेग जागी झाली होती. गुन्वोरनं उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं, काही न वगळता, स्वतःला कुठं न वाचवता. रान्वेगच्या मुठी आवळल्या.

"म्हणजे हिच्याआधीच्या पोरांनाही?"

"हो."

"आमच्या शेजारचा हालवर नावाचा पोरगा आता बोटीवर चढत नाही. त्याचा आजा त्याला गाववाला म्हणून चिडवतो. आमच्याकडे याहून वाईट शिवी नाही." तिचा आवाज फाटला. "पोरांना आम्ही सांगत होतो, सवय होईल, लाज वाटून घेऊ नको. आणि काल तुम्हांला विचारायला माझी जीभ रेटली नाही. मी तिथंच उभी होते!"

"तुमची चूक नाही."

"ते मला ठरवू द्या," रान्वेग म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं.

गुन्वोर पलंगापाशी गेली. गुडघे दुखत असतानाही ती खाली बसली, पोरीच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशी. टिरिल अंग चोरून उशीला टेकली. हातातली सुई काढणारी ही बाई तिला आठवत असणार.

"टिरिल, तुझ्या बाबांना मी फोन करणार आहे."

पोरीचे डोळे भरून आले. "नको ना. मला बोट लागली हे नका सांगू."

"ते नाही सांगणार. कारण ते खरं नाही." गुन्वोरनं तिचा हात हातात घेतला. "बोट तुला लागलीच नव्हती, बाळ. तुला मी लागले."

टिरिलनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मग आई बोटीवर माझी ओकारी पुसत होती तेव्हा त्या काकांना सारखं सॉरी सॉरी का म्हणत होती?"

खिडकीपाशी रान्वेगची पाठ हलली.

"ते सॉरी माझं होतं," गुन्वोर पुटपुटली. "तुझ्या आईनं माझ्या वाटचं म्हटलं."

"काय?" टिरिल म्हणाली. "मला ऐकू नाही आलं. परत सांग."

आणि गुन्वोरनं परत सांगितलं, हळू, एकेक शब्द सुटा करून.